पूर, ओढा आणि आपली ग्रामपंचायत



वळवाचे चार थेंब पडले की आपल्या कृष्णाकाठी बोलणे सुरू होते, "औंदा धरणातून किती सोडणार?" चौकशी जरूर करावी. पण कोयनेचे दरवाजे काही आपल्या हाती नाहीत. ग्रामपंचायतीच्या हाती जे आहे, तेवढे आम्ही येथे सांगतो.

पहिली गोष्ट ओढ्याची. नदी फुगली की पाणी ओढ्याच्या तोंडातून उलटे चढते व शिवारात शिरते. ते अडवणे पंचायतीला जमणारे नाही. मात्र ओढा मोकळा असेल तर नदी उतरताच शिवारही लवकर मोकळे होते. उसाला हेच दोन-चार दिवस मोलाचे. शेंडा बुडून पोंग्यात गाळ बसला, की उभा ऊस जागेवर कुजतो.

ओढा अरुंद कोणी केला? दरसाल एकेक सरी पुढे सरकवणारे आपल्यातलेच आहेत. ऊस वाहतुकीच्या वाटेवर लहान नळ्यांच्या मोऱ्या टाकल्या गेल्या, हेही आम्ही कबूल करतो. सार्वजनिक जागेवरील अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५३ ने पंचायतीला दिलेला आहे. पण भावकीत वाईटपणा कोण घेणार? तेव्हा ओढ्याची मोजणी मागावी आणि सभासदांनी आपणहून मागे सरावे. दोन सऱ्या सोडल्याने कोणी भिकेला लागत नाही. फड बुडाला तर वर्ष जाते.

दुसरी गोष्ट घरांची. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नको. दोन्ही रेषांच्या मध्ये बांधायचेच झाले, तर नियम पाहून व जोते उंच घेऊनच. या रेषांचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावावा. घर बांधून झाल्यावर नियम सांगून काय उपयोग?

तिसरी गोष्ट खुणांची. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पण तिथे ४५ झाले म्हणजे आपल्या गावात पाणी कुठे, हे नव्या पोरांना ठाऊक नसते. जुन्या माणसांना विचारून शाळा, देऊळ, मोरी येथे रंगाने खुणा कराव्यात व शेजारी पुलाचा आकडा लिहावा. मग आकडा ऐकताच कोणत्या गल्लीने आधी निघायचे आणि जनावरे कोणत्या पाणंदीने न्यायची, हे ठरलेले राहील.

चौथी गोष्ट नावेची. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली व कित्येकांचे प्राण गेले. नाव मे महिन्यातच तपासावी, किती माणसे घ्यायची तो आकडा तिच्यावर लिहावा, जाकिटे मोजून ठेवावीत. आणि नावेची वेळ येण्याआधी निघावे, हे सर्वांत बरे.

१ मे च्या ग्रामसभेला सभासदांनी आवर्जून जावे, हे चार विषय मांडावेत आणि ठराव प्रोसीडिंगला लिहून घ्यावा. पाणी आल्यावर सभा भरत नसते.