पट्टा, फळी आणि मोटर : वापरलेल्या ट्रेडमिलची घरगुती दुरुस्ती

घरातील ट्रेडमिल धक्के देऊ लागली, अडखळू लागली किंवा चालता चालता बंद पडू लागली, की पहिला संशय मोटरवर आणि दुसरा सर्किट बोर्डावर घेतला जातो, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर ते यंत्र मिळेल त्या किमतीला विकून टाकले जाते. या दोन महागड्या भागांच्या बिघाडामागे मात्र पुष्कळदा एक तिसरेच, अगदी साधे कारण असते, ते म्हणजे पायाखालून फिरणारा पट्टा आणि त्याच्या खालची फळी यांच्यात वाढलेले घर्षण. हे घर्षण ओळखून कमी ठेवता आले तर बरीच वर्षे वापरलेली ट्रेडमिलही मोजक्या हत्यारांनिशी घरच्या घरी पुन्हा चांगली चालती करता येते, आणि ते ओळखता आले नाही तर नवा बोर्ड बसवूनही काही महिन्यांत तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. २०२० च्या टाळेबंदीत हौसेने घेतलेली कित्येक यंत्रे आज दुसऱ्या मालकाच्या शोधात असल्याने हे ज्ञान उपयोगाचे ठरावे.

आजच्या ट्रेडमिलची सुरुवात रुग्णालयांतून झाली. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी वेन क्विंटन यांच्या साहाय्याने १९५० च्या दशकात हृदयतपासणीसाठी ट्रेडमिल वापरात आणली, आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ वाढवत नेणारी त्यांची चाचणीपद्धती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रात घरोघरी ‘टीएमटी’ म्हणून माहीत असलेली तपासणी बहुतेक ठिकाणी याच पद्धतीने होते. पुढे न्यू जर्सीतील यांत्रिक अभियंते विल्यम स्टॉब यांनी केनेथ कूपर यांच्या १९६८ मधील ‘एरोबिक्स’ या पुस्तकापासून प्रेरणा घेऊन सामान्य घराला परवडेल असे यंत्र बनवले. परवडण्याजोगे म्हणजे काटकसरीने बांधलेले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. घरगुती यंत्रात मोटर लहान असते, पट्टा पातळ असतो आणि फळी दाबलेल्या लाकडी भुशाची, वर गुळगुळीत लेप दिलेली असते, त्यामुळे निष्काळजीपणा सोसण्याची त्याची ताकद व्यायामशाळेतील यंत्राच्या मानाने फार कमी असते.

यंत्राची रचना समजून घेतली की दुरुस्तीचे निम्मे काम होते. पुढच्या झाकणाखाली मोटर असते, तिच्या कप्पीवरून रेघांचा एक छोटा रबरी पट्टा पुढच्या रोलरवर जातो, आणि तो रोलर चालण्याचा मोठा पट्टा ओढतो. मागचा रोलर केवळ ताण आणि दिशा सांभाळतो. चालण्याचा पट्टा वरून खरखरीत प्लॅस्टिकचा आणि खालून विणलेल्या कापडाचा असून तो फळीवरून अक्षरशः घासत जातो. चालणाऱ्याचे पाऊल पडते त्या प्रत्येक क्षणी त्याचे वजन पट्ट्याला फळीवर दाबते आणि धावताना तर हा दाब शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक होतो. फळी कोरडी असेल तर तेवढाच पट्टा ओढण्यासाठी मोटरला अधिक जोर लावावा लागतो. अधिक जोर म्हणजे अधिक विद्युतप्रवाह आणि अधिक प्रवाह म्हणजे अधिक उष्णता, व ही उष्णता शेवटी बोर्डावरील प्रवाह नियंत्रित करणाऱ्या नाजूक घटकांना जाळते.

याच संदर्भात एक गैरसमज दूर करायला हवा. वेगाने धावणाऱ्यापेक्षा सावकाश चालणारी वजनदार व्यक्ती घरगुती मोटरला कित्येकदा अधिक जड जाते, कारण कमी वेगात मोटरच्या आसावर बसवलेला पंखाही हळू फिरतो आणि प्रवाह जास्त असूनही थंडावा कमी मिळतो. उलट थोडा चढ दिला तर चालणाऱ्याचे वजनच पट्ट्याला मागे ढकलते आणि मोटरवरचा भार हलका होतो. म्हणून गुडघे व पाठ साथ देत असतील आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर किंचित चढावर चालणे यंत्राच्याही हिताचे असते.

वापरलेली ट्रेडमिल घेताना ती रिकामी चालवून पाहणे पुरेसे नाही, कारण रिकाम्या पट्ट्यावर घर्षणाचा दोष लपून राहतो. घेणाऱ्याने स्वतः उभे राहून पाच-दहा मिनिटे सावकाश चालावे आणि पाऊल टेकताच पट्टा क्षणभर थबकतो का, जळका वास येतो का, रोलरमधून घरघर ऐकू येते का, हे पाहावे. नंतर प्लग काढून पट्ट्याच्या कडेने खाली हात सरकवावा. कापड मऊ लागले आणि बोटांना हलकासा तेलकट स्पर्श झाला तर यंत्राची निगा राखली गेली असे समजावे. कापड काचेसारखे गुळगुळीत झाले असेल किंवा फळीवर खडबडीत चट्टे लागले तर पट्टा, प्रसंगी फळीही, बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच व्यवहार करावा. मोटरच्या ताकदीचा आकडाही जपून वाचावा, कारण जाहिरातीत बहुधा क्षणिक कमाल अश्वशक्ती छापलेली असते, तर उपयोगाची असते ती सातत्याने मिळणारी अश्वशक्ती. अमेरिकेहून परतणाऱ्या कुटुंबांच्या सामानातून आलेले यंत्र बहुधा ११० ते १२० व्होल्टवर चालणारे असते, आणि ते येथील २३० व्होल्टच्या जोडणीला थेट लावल्यास बोर्ड तत्काळ निकामी होतो. त्याला पुरेशा क्षमतेचा दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी प्लग काढणे आवश्यक असले तरी ते पुरेसे नाही. बोर्डावरील मोठे कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवून ठेवणारे नळकांडी घटक, प्लग काढल्यानंतरही काही काळ भारित राहतात. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती पुरवठ्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर झाल्यावर त्यांच्यावर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत दाब साठू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. झाकण उघडण्याआधी किमान दहा मिनिटे थांबावे, बोर्डाला मल्टिमीटरने तपासल्याशिवाय हात लावू नये, आणि ज्यांना मल्टिमीटर वापरता येत नाही त्यांनी बोर्डाचे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडेच सोपवावे.

झाकणाखाली सहसा दिसतो तो धुळीचा, केसांचा आणि कापसाच्या तंतूंचा थर. तो व्हॅक्यूम क्लीनरने आणि मऊ कोरड्या ब्रशने काढावा. ब्लोअरने फुंकल्यास तीच धूळ मोटरच्या आत जाऊन बसते. त्यानंतर मुख्य काम येते ते फळीचे. मागच्या दोन्ही बोल्टच्या मूळ जागेवर रंगाची खूण करून, अ‍ॅलन चावीने दोन्हींचे सारखेच आटे मोजत ते सैल करावेत, म्हणजे पट्टा उचलून आत कोरडे सुती फडके दोन्ही बाजूंनी धरून पुढून मागे ओढता येते. फडक्यावर काळी पूड येते ती झिजलेल्या कापडाची आणि जुन्या वंगणाची. फळीचा पुढचा भाग, म्हणजे पावले पडतात ती जागा, सर्वांत आधी झिजते. लेप उडून आतला भुसा दिसू लागला असेल तर पॉलिश पेपरने घासून तो गुळगुळीत होत नाही, उरलेला लेपही निघून जातो. काही कंपन्यांच्या फळ्यांना दोन्ही बाजूंनी लेप असतो व अशी फळी उलटी बसवून तिला दुसरे आयुष्य देता येते.

वंगण म्हणून शुद्ध सिलिकॉन तेलच वापरावे. खोबरेल तेल, शिलाई मशीनचे तेल किंवा गंज सोडवणारे फवारे घालण्याची सवय अनेक घरांत आढळते, पण ही तेले धूळ धरून चिकट होतात आणि खनिज तेले पट्ट्याच्या थरांनाही बाधतात. साधारणपणे १५ ते ३० मिलिलिटर तेल पट्ट्याखाली, पावले पडतात त्या पट्टीत, नागमोडी रेषेत सोडून यंत्र सावकाश पाच मिनिटे चालवले की ते सर्वत्र पसरते. जास्त तेल घातल्यास पट्टा निसटू लागतो, म्हणून येथे उदारपणा नको. दर तीन महिन्यांनी किंवा सुमारे चाळीस तासांच्या वापरानंतर हे काम करावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. काही फळ्या मात्र कारखान्यातच मेण लावून येतात आणि त्यांना सिलिकॉन चालत नाही. त्यासाठी त्या मॉडेलची माहितीपुस्तिका पाहणे इष्ट.

ताण ठरवताना पट्टा मध्यभागी दोन-तीन इंच सहज उचलला जावा, हे व्यवहारात रुळलेले माप आहे. निसटतो म्हणून पट्टा आवळत जाणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण त्याने रोलरचे बेअरिंग आणि मोटर दोन्हींवर ताण येतो. पाऊल टेकल्यावर पट्टा थबकतो आणि पुढचा रोलर मात्र फिरत राहतो तेव्हाच चालण्याचा पट्टा सैल असतो. रोलरही थांबतो आणि मोटरची कप्पी फिरत राहते तेव्हा दोष रेघांच्या छोट्या पट्ट्याचा असतो. झाकण काढून हे पाहताना मशीनवर चालणारा एक आणि दुरून निरखणारा दुसरा असावा, आणि हात, केस, ओढणी फिरत्या भागांपासून लांब ठेवावी. पट्टा उजवीकडे सरकत असेल तर मशीन सावकाश चालू ठेवून मागचा उजवा बोल्ट पाव फेरा उजवीकडे फिरवावा आणि मिनिटभर वाट पाहावी. एकदम दोन-तीन फेरे दिल्यास पट्टा दुसऱ्या कडेला जाऊन फाटतो. तत्पूर्वी स्पिरिट लेव्हल ठेवून यंत्र समतल आहे याची खात्री करावी.

एवढे झाल्यावरही पट्टा हिसके देत असेल तर बोर्डाला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. कप्पीवर एक चुंबक असतो आणि त्याच्याजवळ वेग मोजणारा सेन्सर; त्यांच्यातील अंतर वाढले किंवा त्यावर धूळ बसली की बोर्डाला चुकीचा वेग कळतो आणि यंत्र पळते किंवा थांबते. दुसरी गोष्ट कार्बन ब्रशची. एकदिश प्रवाहाच्या मोटरमध्ये फिरत्या भागाला प्रवाह पोचवणारे हे कांडीसारखे तुकडे झिजून एक तृतीयांश उरले, की ठिणग्या, वास आणि अडखळणे सुरू होते. नवी जोडी बसवल्यावर ती नीट बसावी म्हणून यंत्र काही वेळ रिकामे, सावकाश चालवावे लागते.

वेगाचा आकडा खरा आहे की नाही, हे खडूच्या एका रेघेने कळते. पट्ट्याची पूर्ण लांबी टेपने मोजून त्यावर आडवी रेघ मारावी आणि वीस फेऱ्यांना लागणारा वेळ घड्याळावर पाहावा. पट्टा ३ मीटर असेल आणि वीस फेऱ्यांना ३६ सेकंद लागले तर ६० मीटर अंतर ३६ सेकंदांत कापले गेले, म्हणजे वेग ताशी ६ किलोमीटर झाला. पडद्यावर याहून बराच वेगळा आकडा दिसत असेल तर रोज चालल्याच्या अंतराची नोंदही तितकीच चुकीची असते.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या हवेत निगा प्रदेशागणिक बदलते. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळी दमटपणाने फळी फुगते, रोलर गंजतात आणि बोर्डावरील जोड खराब होतात, त्यामुळे यंत्र बाल्कनीत ठेवू नये, प्लॅस्टिकऐवजी सुती चादरीने झाकावे आणि वापर नसला तरी आठवड्यातून एकदा काही मिनिटे चालवावे. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याची धूळ हा मोठा शत्रू आहे. उंदीर आणि पाली झाकणाखाली आसरा घेतात ही तक्रार सर्वत्रच आहे. जोडणीसाठी स्वतंत्र १६ अँपियरचा सॉकेट आणि खात्रीचे अर्थिंग हवे. बारीक तारेचा एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. खालच्या मजल्यावर हादरे जाऊ नयेत म्हणून जाड रबरी मॅट घालावी.

सांगाडा तडकला असेल, बोर्ड कोठेच मिळत नसेल किंवा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर जात असेल तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. असे यंत्र भंगारवाल्याला देण्याऐवजी अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत विद्युत भाग असलेली क्रीडासाधनेही येतात.

दुरुस्त झालेले यंत्र ठेवताना त्याच्या मागे सुमारे दोन मीटर जागा मोकळी असावी, कारण भिंतीला टेकवलेल्या ट्रेडमिलवरून तोल गेला तर माणूस फिरता पट्टा आणि भिंत यांच्यात अडकतो. लहान मुलांच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर आहे. एका बालकाच्या मृत्यूनंतर मे २०२१ मध्ये अमेरिकेत पेलोटॉन कंपनीने आपल्या एका मॉडेलची सुमारे १,२५,००० यंत्रे परत मागवली होती. ज्या जुन्या यंत्राची सुरक्षा-चावी हरवली आहे, तिथे चुंबक चिकटवून काम भागवू नये, तीच चावी मागवून घ्यावी, चालताना तिची दोरी कपड्याला अडकवावी, आणि चालून झाल्यावर प्लग काढून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच जागी ठेवावी.