मनाची तेजी-मंदी

बाजारात तेजी आली तर तिला कोणी आजार म्हणत नाही. मंदी आल्यावर मात्र सर्वांना वैद्याची आठवण होते. मनाच्या बाबतीतही आपला व्यवहार असाच आहे. रात्रभर जागून नव्या योजना आखणारा, सढळ हाताने खर्च करणारा, न थकता बोलणारा मनुष्य आरंभी घरच्यांना उत्साही वाटतो. काही महिन्यांनी तोच अंथरुणातून उठेनासा झाला की त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. हे दोन स्वभावदोष नसून एकाच आजाराच्या दोन अवस्था असू शकतात, हे ध्यानी येईपर्यंत भविष्यनिर्वाह निधी रिकामा झालेला असतो आणि नोकरीही धोक्यात आलेली असते.

उन्माद आणि अवसाद या अवस्थांना जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी 1899 साली एका आजाराच्या सूत्रात बांधले. आज आपण त्याला द्विध्रुवी विकार किंवा 'बायपोलर' म्हणतो. मेंदूतील रक्तप्रवाहाचे चुंबकीय चित्रण करण्याची पद्धत हाती आल्यावर या अवस्थांचा शोध नव्या दिशेने सुरू झाला. मेंदूचे दूरदूरचे भाग एका लयीत कार्य करतात. त्यांच्या अशा समूहांना जाळी म्हणतात. एक जाळे आपण स्वतःच्या विचारांत, आठवणींत आणि भविष्याच्या चिंतेत रमलेले असताना जागे असते. दुसरे हालचाल व स्पर्शादी संवेदना यांच्याशी निगडित असते.

इटलीतील मात्तेओ मार्तिनो व त्यांचे सहकारी यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या दोन जाळ्यांतील चढउतारांचे गुणोत्तर तपासले. अवसादात पारडे अंतर्मुख जाळ्याकडे झुकलेले आढळले, तर उन्मादात हालचालीच्या जाळ्याकडे. स्वतःच्याच विचारांच्या भोवऱ्यात गरगरणारा, जड पावलांनी चालणारा रुग्ण आणि एके जागी न ठरणारा रुग्ण, या दोन्ही चित्रांशी हा निष्कर्ष जुळतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. राष्ट्रीय उत्पन्नाचा एकूण आकडा पाहून अर्थव्यवस्थेचे दुखणे कळत नाही; शेती आणि उद्योग यांचे परस्परांशी असलेले प्रमाण पाहावे लागते.

तथापि, येथे सावधगिरी अवश्य हवी. हे निष्कर्ष समूहांच्या सरासरीचे आहेत. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यावरून शेजाऱ्याची मिळकत सांगता येत नाही, तद्वत मेंदूच्या एका चित्रावरून एका व्यक्तीच्या आजाराचे निदान करता येत नाही. निदान आजही रुग्णाशी आणि त्याच्या आप्तांशी बोलूनच होते. महागड्या चित्रणातून मनाचा ठाव सांगू पाहणाऱ्यांपासून दूर राहावे हे उत्तम.

उपचाराची कथा तर याहून बोलकी आहे. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी 1949 साली लिथियमच्या क्षाराचा उन्मादावरील गुण दाखवून दिला. लिथियम हे निसर्गातील मूलद्रव्य. त्यावर कोणाला पेटंटचा हक्क सांगता येत नाही. म्हणून ते स्वस्त आहे, आणि म्हणूनच त्याचा डंका पिटण्यात कोणाला फारसा रस नाही. रक्तातील त्याचे प्रमाण, मूत्रपिंडे आणि गलग्रंथी यांची नियमित तपासणी मात्र आवश्यक असते, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते.

औषध स्वस्त असूनही रुग्ण उपचारापर्यंत पोहोचत नाहीत, हे खरे दुखणे आहे. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या पाहणीत द्विध्रुवी विकाराचे सुमारे 70 टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपली स्थिती फार निराळी असेल असे समजण्यास आधार नाही.

कायदा मात्र समाजाच्या पुढे गेला आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराचा समावेश दिव्यांगत्वात केला आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला त्या कारणावरून काढून टाकण्यास मनाई केली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील मानसिक आजार असलेल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, अशा व्यक्तीवर शिस्तभंगाची कारवाई चालविणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे म्हटले.

परंतु हे हक्क मागण्यासाठी आधी आजाराचे नाव उच्चारावे लागते, आणि आपल्या शिक्षककक्षांत व कचेऱ्यांत तेवढेच अवघड आहे. मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो. लिथियमची गोळी रुमालाआड घ्यावी लागते. मंदीत सापडलेल्या उद्योगाला आपण चारित्र्यहीन म्हणत नाही, त्याला सावरण्याचे उपाय शोधतो. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याच्या वाट्याला निदान तेवढा तरी न्याय यावा.