एकही गोळी न झाडता तिरोडा इंग्रजांकडे कसा गेला? नागपूरच्या राण्यांच्या पत्रांची गोष्ट

तिरोडा म्हटलं की आज आठवतो तो वीजप्रकल्प. पण 1853 पर्यंत हा सगळा भाग, म्हणजे आजचे भंडारा आणि गोंदिया जिल्हे, नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. पुढच्याच वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीचा झाला. ना लढाई, ना वेढा. राज्य गेलं ते कागदावर.

नेमकं काय घडलं होतं?

11 डिसेंबर 1853 ला नागपुरात तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांना गादीला वारस होईल असा मुलगा नव्हता. नात्यातल्या यशवंतराव अहिरराव या मुलाने त्यांचे अंत्यविधी केले. राजघराण्याच्या लेखी हाच दत्तक वारस, आणि त्याचं नाव ठेवलं जानोजी.

राजवाड्यात तेव्हा शब्द चालायचा तो बांकाबाईंचा. त्या दुसऱ्या रघुजींच्या विधवा. राजाच्या विधवा राणी अन्नपूर्णाबाई आणि बांकाबाई यांची मागणी साधी होती: आमच्या रिवाजाप्रमाणे दत्तक मान्य करा.

पण मान्यता कलकत्त्याहून यायची होती. आणि तिथे गव्हर्नर जनरल होता डलहौसी.

डलहौसीचं म्हणणं काय होतं?

28 जानेवारी 1854 ला त्याने एक लांबलचक टिपण लिहिलं. त्याचा मुद्दा असा की 1818 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांचा पाडाव झाला तेव्हाच हे राज्य कंपनीने जिंकलं होतं. तिसऱ्या रघुजींना ते कंपनीने दिलं. आता वारस नाही, तर दिलेलं परत आलं.

टिपणात आणखी एक कारण होतं: कापूस. इंग्लंडच्या गिरण्यांना तो हवा होता. निजामाकडून वऱ्हाड 1853 मध्येच कंपनीच्या ताब्यात आला होता. नागपूर मिळालं की कापसाचा मोठा पट्टा हातात येणार होता.

आता यातली गंमत बघा. तिसरे रघुजी स्वतःच दत्तक होते! ते दुसऱ्या रघुजींच्या मुलीचे चिरंजीव. 1818 मध्ये परसोजी भोसल्यांच्या विधवा दुर्गाबाई यांनी त्यांना दत्तक घेतलं, आणि ते इंग्रजांच्या संमतीनेच. म्हणजे तेव्हा चाललेला दत्तक 35 वर्षांनी चालेना.

सगळे इंग्रज एका बाजूला होते का?

नाही, आणि हे त्यांच्याच कागदांतून कळतं.

नागपूरचे रेसिडेंट मॅन्सेल यांनी सुचवलं होतं की भोसल्यांची गादी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ठेवावी. पुढे त्यांना नागपुरातून हलवण्यात आलं आणि त्यांच्या जागी प्लाउडन आले.

कलकत्त्याच्या कौन्सिलमध्ये कर्नल जॉन लो यांनी 10 फेब्रुवारीला विरोधी टिपण लिहिलं. लो यांची बरीच नोकरी संस्थानांत गेली होती. सातारा खालसा झाल्यावर लोक त्यांना विचारत, की तिथल्या राजाने असा काय गुन्हा केला होता? लो यांना भीती होती ती लोकांचा कंपनीवरचा विश्वास उडण्याची. पण निर्णय झाला तो डलहौसीच्या मनासारखा.

मग राण्यांनी काय केलं?

त्यांनी तक्रारअर्ज पाठवले, दाद मागायला लंडनला वकील पाठवले. इकडे वाड्यावर जप्ती आली. हत्ती, घोडे, बैल यांचा नागपुरात लिलाव झाला. दागिने विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. वाड्यातलं सामान हलवाल तर वाडाच पेटवून देईन, अशी धमकी राणीने दिल्याची नोंद त्या काळच्या इंग्रजी इतिहासात आहे. त्या वेळी त्यांच्या हातात तेवढंच उरलं होतं.

1857 च्या उठावात मात्र बांकाबाई इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिल्या नाहीत. 1858 मध्ये त्या वारल्या. 1860 मध्ये लॉर्ड कॅनिंगने जानोजींना ‘राजाबहादूर ऑफ देऊर’ ही पदवी आणि सातारा जिल्ह्यातलं देऊर दिलं. म्हणजे दत्तक मान्य झाला, पण राज्य काही परत आलं नाही. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला. त्यात भंडारा जिल्हा आला आणि त्या जिल्ह्यात तिरोडा तहसील. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो थेट 1999 मध्ये.

हे सगळं आपल्याला कळलं कसं?

1854 मध्येच हा पत्रव्यवहार ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला आणि छापला गेला. शोधायचा असेल तर एक लक्षात ठेवा: इंग्रजी कागदांत नागपूरच्या राजाला ‘बेरारचा राजा’ म्हटलंय. नुसतं ‘नागपूर’ शोधलं तर हे कागद सहज हाती लागत नाहीत. शिवाय नागपुरात नोकरी केलेल्या मेजर इव्हान्स बेल यांनी भोसल्यांची बाजू मांडली. तिचा त्यांच्या नोकरीला फटका बसला. त्यांनी 1864 मध्ये पत्रांच्या रूपात पुस्तकच छापलं.

या छापील कागदांत डलहौसीची बाजू भरभरून आहे. पण त्यातच मॅन्सेल आणि लो यांचा विरोधही जपला गेलाय. ‘वारस नव्हता म्हणून राज्य गेलं’ हे एक वाक्य आपण शाळेत पाठ करतो. वारस होता की नव्हता, हाच तर वाद होता. आणि तो निकालात काढला त्याच पक्षाने, ज्याला राज्य मिळणार होतं.