चिखलदरा: दरीवरच्या काचेआधीचा हिशेब

वाशिम जिल्ह्यातलं किन्हीराजा असो की मालेगाव, आपल्या भागातल्या माणसाला उन्हाळ्यात थंड हवा हवी असेल तर पातूर, अकोला, अकोट, परतवाडा करत चिखलदऱ्याचा घाट चढावा लागतो. सुमारे १,११८ मीटर उंचीची ही जागा १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनने हेरली. पुढे बंगले झाले, कॉफी लागली. पॉइंट म्हणजे दरीच्या काठाचा कठडा, एवढीच पर्यटनाची कल्पना इथे पिढ्यान्‌पिढ्या पुरली. १९७४ मध्ये मेळघाटचं जंगल देशातल्या पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झालं, तेव्हाच खरं तर या पठाराच्या विकासाचा हिशेब बदलायला हवा होता. तो बदलला नाही. पुढे चिखलदऱ्याच्या नियोजनाचं काम सिडकोकडे आलं आणि गोराघाट ते हरिकेन पॉइंट यांमधल्या दरीवर ४०७ मीटर लांबीचा काचेचा स्कायवॉक ठरला. काम सुरू झालं आणि २०२१ मध्ये वन्यजीवविषयक मंजुरीच्या प्रश्नावर अडलं. सगळा वाद तेव्हापासून ‘पूल हवा की नको’ एवढ्यावरच फिरतो आहे. माझ्या मते चूक पुलात नाही, क्रमात आहे. आधी बांधायचं आणि मग जंगलाला विचारायचं, हा क्रम उलटा आहे.

असाच वाद जर्मनीत गार्मिश-पार्टेनकिर्शनजवळ २०१० मध्ये झाला. आल्पस्पिट्झ शिखराखाली ‘आल्पस्पिक्स’ नावाचा सज्जा उभा राहिला. एकमेकींना छेदणाऱ्या दोन पोलादी भुजा, पायाखाली जाळी आणि खाली सुमारे हजार मीटरची पोकळी. डोंगराची जत्रा करू नका, असा तिथल्या विरोधकांचा आक्षेप होता, आणि तो मनापासूनचा होता. पण सज्जा झाला तो रोपवेच्या जुन्या स्थानकाला लागून, आधीच गजबजलेल्या जागी. आणि मुळात तिथल्या बव्हेरिया राज्याने १९७२ मध्येच ‘आल्पेनप्लान’ करून आपल्या आल्प्सचे तीन पट्टे पाडले होते. त्यातल्या तिसऱ्या, चाळीस टक्क्यांहून जास्त भागात नवे रोपवे आणि रस्ते बंद. रीडबर्गर हॉर्न डोंगरावरच्या स्की लिफ्टसाठी २०१७ मध्ये सरकारने या पट्ट्याची रेघ सरकवली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की बेत सोडावा लागला आणि २०१९ मध्ये रेघ पूर्ववत झाली. रेघ आधी आखलेली होती, म्हणूनच भांडणाऱ्यांच्या हाती काहीतरी होतं.

वऱ्हाडाचा अनुशेष आधीच डोंगराएवढा, पश्चिम महाराष्ट्राला सगळं मिळतं आणि आमच्या वाट्याला आलं की जंगल आडवं येतं, हा आक्षेप मला पोटातून समजतो. पण महाबळेश्वर-पाचगणीला २००१ मध्ये आणि माथेरानला २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचं बंधन लागलं; माथेरानात तर पर्यटकाची गाडी दस्तुरी नाक्यावरच थांबते. तरी तिथली गर्दी आटली नाही. दुसरा आक्षेप रोजगाराचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. सोयाबीन सोंगायला किंवा वीटभट्टीवर मैदानात उतरणाऱ्या इथल्या कोरकू आदिवासी कुटुंबाला गावात काम मिळत असेल, तर त्याला शहरातून कोणी नाही म्हणायचं? मात्र काचेवर चालून तासाभरात परतवाड्याकडे उतरणारा पर्यटक गावात किती पैसा सोडतो, हेही विचारायला हवं. जवळच्या मोथा गावातल्या गवळ्यांचा खवा, रस्त्याच्या कडेला खोक्यांत मांडलेली स्ट्रॉबेरी, मुक्कामाची खोली, यांतून घरात पैसा येतो. अमरावती जिल्ह्यातल्याच पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळवून उजाड टेकडी हिरवी केली आणि तिथली सीताफळं बाजारात नेली, तोही रोजगारच.

पाण्याचं तर बोलायलाच नको. बेसॉल्टच्या या पठारावर पाऊस धो धो पडतो आणि धो धो वाहून जातो. उन्हाळ्यात, ऐन पर्यटकांच्या हंगामात, तालुक्यातल्या गावांना टँकरची वाट पाहावी लागते. वाढलेल्या हॉटेलांना पाणी द्यायचं कुठून, याचं उत्तर कुठल्याही पॉइंटच्या आराखड्याआधी हवं.

चिखलदरा आणि धारणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा कायदा १९९६ पासून ग्रामसभेला बोलण्याचा हक्क देतो. म्हणून मागणी साधी आहे. पठारावर दिवसाला किती गाड्या, किती खोल्या, कोणत्या दऱ्यांना हातच लावायचा नाही, हे सिडकोने आणि वन विभागाने ग्रामसभांसमोर मांडून एकदाचं ठरवावं, आणि ते ठरेपर्यंत चिखलदऱ्यात नव्या पॉइंटची एकही निविदा काढू नये.