‘ज’ आला!

गाण्याच्या भेंड्यांत ‘ज’ आला की कोणी डोकं खाजवत बसत नाही. पंचाईत होते ती ‘ण’ची आणि ‘ळ’ची, आणि तिथे आपण ‘न’ आणि ‘ल’वर भागवून मोकळे होतो. हाच खेळ इंग्रजी गाण्यांशी, एकट्याने आणि जरा वेगळ्या रीतीने खेळून बघा. रोमन लिपीतलं एक अक्षर धरायचं आणि काही दिवस त्याच अक्षराने नाव सुरू होणारी गाणी ऐकायची.

कल्पना खुळचट आहे, मान्य. पण पाश्चात्त्य संगीत आपल्यापर्यंत येतं ते आधीच खणांत लावून: हा रॉक, हा जॅझ, हे कंट्री. मोबाइलवरचं अ‍ॅप तर काल जे आवडलं त्याचाच सख्खा भाऊ आज वाढतं. अक्षराला काळ कळत नाही, घराणं कळत नाही, आपली आवड तर नाहीच नाही. म्हणूनच ते अशा माणसांना एका पंगतीत बसवतं, जी एरवी एका गावात राहणार नाहीत.

अक्षर मात्र पारखून घ्यावं. ‘आय’ घेतलंत तर अर्धी यादी ‘मी’ने सुरू होणार, ‘वाय’ घेतलंत तर ‘तू’ने. माझं मत ‘जे’ला. इंग्रजीत हे अक्षर कमी लागतं, त्यामुळे यादी आवाक्यात राहते. आणि यादी मांडली की लगेच डोळ्यांत भरतं, की हे अक्षर माणसांच्या नावांचं आहे. जॉनी, जॅक, ज्युलिया, जोलीन.

त्याला कारण आहे. रोमन वर्णमालेत ‘जे’ अगदी उशिरा आला. आधी तो ‘आय’चाच एक शेपटीवाला अवतार होता, आणि दोघांना वेगळं मोजावं असं 1524 मध्ये त्रिस्सिनो या इटालियन पंडिताने मांडलं. इंग्रजीतली ‘जे’ची बरीच नावं मूळ हिब्रू, आणि तिथे त्यांचा उच्चार ‘य’ने होतो. मराठी बायबलने तो जपला आहे. आपण योहान म्हणतो, इंग्रज जॉन म्हणतो. जॉनी आणि जॅक ही त्याच जॉनची लाडाची नावं. म्हणजे गायक-गिटारवादक चक बेरीचा जॉनी आणि रोलिंग स्टोन्स या बँडचा उड्या मारणारा जॅक हे दोघेही योहानच!

‘जॉनी बी. गुड’ आलं 1958 मध्ये. खेड्यातला एक पोरगा, लिहिण्या-वाचण्यात कच्चा, पण गिटार हातात आली की ऐकत राहावं असा. बेरीने त्याचं नाव घरातूनच गोळा केलं. जॉनी हे त्याच्या पियानोवादकाचं, जॉनी जॉन्सनचं नाव, आणि सेंट लुईसमध्ये बेरी जन्मला तो रस्ता गुड अ‍ॅव्हेन्यू. मूळ शब्दांत हा पोरगा काळा होता. रेडिओवाले गाणं लावणार नाहीत, म्हणून बेरीने कातडीचा उल्लेख काढून त्याला नुसताच गावाकडचा केला. हे ठाऊक झाल्यावर ती सुरुवातीची उसळती गिटार पुन्हा ऐकावी. तिच्यातली घाई वेगळी वाटू लागते.

‘जम्पिंग जॅक फ्लॅश’मधला जॅक (1968) हा गिटारवादक कीथ रिचर्ड्सच्या घरचा माळी. सकाळी त्याच्या जड बुटांच्या आवाजाने बँडचा गायक मिक जॅगर दचकून उठला आणि शीर्षक मिळालं. ‘जोलीन’ (1973) हे नाव गायिका डॉली पार्टनला सही मागायला आलेल्या एका लहान मुलीचं. गाण्यातली मत्सराची ठिणगी मात्र बँकेतल्या एका तांबड्या केसांच्या मुलीची, जिच्या खिडकीशी डॉलीचे यजमान जरा जास्तच वेळ रेंगाळत. माझा नवरा पळवू नकोस अशी विनवणी एक बाई दुसरीला करते, एवढंच गाण्यात घडतं. पण ते एकच नाव ती ज्या तऱ्हेने पुन्हा पुन्हा घेते, त्यात धाक नाही, शाप नाही, नुसती अजीजी आहे. आपल्या लावणीत सवतीला असं कोणी विनवत नाही!

‘जेलहाऊस रॉक’ (1957) तर शब्दशः कैदेत जन्मलं. लायबर आणि स्टोलर ही जोडी न्यूयॉर्कला येऊन गाणी लिहायची सोडून शहरात मजा मारत होती. शेवटी प्रकाशकाने हॉटेलच्या खोलीत दाराला सोफा लावला आणि त्यावरच ताणून दिली. त्या बैठकीत एल्व्हिसच्या चित्रपटासाठी चार गाणी झाली.

काही गाणी ‘जे’च्या घरात मागाहून राहायला आली. ‘जिंगल बेल्स’ 1857 मध्ये छापलं गेलं तेव्हा त्याचं नाव एका घोड्याच्या उघड्या घसरगाडीवरून होतं. आजचं नाव दोन वर्षांनी मिळालं. जॉन लेननच्या ‘जेलस गाय’ची (1971) चाल त्याच्या हृषीकेशच्या मुक्कामाशी जोडलेली. 1968 मध्ये तिच्यावर ‘चाइल्ड ऑफ नेचर’ हे निसर्गाचं गाणं होतं. पुढे शब्द बदलले, आणि ‘सी’चं गाणं ‘जे’त आलं.

मराठी माणसाची अडचण आणखी वेगळी. आपण कानाने अक्षर धरतो. रे चार्ल्सने 1960 मध्ये गायलेलं ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ इंग्रजी यादीत ‘जी’खाली जातं, भेंड्यांत मात्र बेलाशक ‘ज’वर चालेल. मी ते माझ्या यादीत घेतलं आहे. खेळ माझा, पंचही मीच.

यातली दोन गाणी तर पृथ्वी सोडून गेली आहेत. डिसेंबर 1965 मध्ये जेमिनी-6 यानातून शिरा आणि स्टॅफर्ड या अंतराळवीरांनी माउथ ऑर्गन आणि घुंगरांवर ‘जिंगल बेल्स’ वाजवलं. अंतराळात वाद्यांवर वाजलेलं ते पहिलं गाणं. 1977 मध्ये दोन व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या गेल्या. त्यांत जगभरातलं संगीत, सत्तावीस तुकडे. रॉक म्हणून निवड झाली ‘जॉनी बी. गुड’ची. हे पोरकट संगीत आहे असा आक्षेप लोकसंगीताचे अभ्यासक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी घेतला. पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत, असं निवड समितीचे प्रमुख कार्ल सेगन यांचं उत्तर.

आणि भारतातर्फे? गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. तीही ‘ज’चीच. व्हॉयेजर-1 हे यान 5 सप्टेंबरला उडालं, केसरबाई 16 सप्टेंबरला गेल्या.

तबकडीवर चक बेरी सातव्या क्रमांकावर वाजतो आणि केसरबाई पार शेवटाकडे, पंचविसाव्या. पण अक्षराने लावून बघा, रोमनमध्ये लावा की देवनागरीत: आधी केसरबाई, मग जिंगल बेल्स, मग जॉनी.