मोटर घूं घूं करते, पण फिरत नाही!



घटस्थापनेच्या आधी घरोघर दसरा काढायची घाई असते. गोधड्या, चादरी, वाकळा सगळे बाहेर निघते. पूर्वी हे धुणे कयाधूवर, पूर्णेवर नाहीतर विहिरीवर जायचे. आता गावातच काय, आखाड्यावरसुद्धा दोन टबांचे वॉशिंग मशीन आलेले आहे. आमच्या घरी अशाच धुण्यात मशीनचा ड्रायर अडला. बटण फिरवले की आतून नुसते घूं घूं. घरचे म्हणाले, "राहू द्या चालू, घेईल हळूहळू." राहू दिले. थोड्या वेळात जळका वास सुटला. वायंडिंग गेली. मूळ दोष निघाला तो साध्या कपॅसिटरचा! स्वस्तातले काम महागात पडले. ते इतरांचे होऊ नये म्हणून हा लेख.

आवाज काय सांगतो?

आपल्या कारखान्यात सेंट्रिफ्यूगल मशीन गरगर फिरून साखरेपासून मळी वेगळी करते. ड्रायर त्याच तत्त्वावर कपड्यातले पाणी बाहेर फेकतो. तो अडला तर आधी कान द्यावा. काहीच आवाज नसेल तर वीज मोटरपर्यंत पोचत नाही. प्लग, टायमर किंवा झाकणाचा स्विच पाहावा. घूं घूं येत असेल तर वीज पोचली आहे, पण मोटरला फिरता येत नाही.

घरच्या सिंगल फेज विजेवर मोटरला सुरुवातीचा धक्का आपोआप मिळत नाही. त्यासाठी दुसऱ्या वायंडिंगमध्ये थोडा मागेपुढे चालणारा प्रवाह लागतो. असे दोन प्रवाह मिळून फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. निकोला टेस्ला यांनी १८८८ साली अमेरिकेत याच तत्त्वावरच्या मोटरचे पेटंट मिळवले. आपल्या मशीनमध्ये हा दुसरा प्रवाह कपॅसिटर तयार करून देतो. तो बाद झाला की मोटर जागेवरच गुरगुरते. अडलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि ती सगळी वीज उष्णतेत जाते. म्हणून पहिला नियम: घूं घूं ऐकू आले की लगेच बंद करा, प्लग काढा. मग पुढे बघा.

क्रमाने काय पाहावे?

१) भार: ओली गोधडी फार जड होते. टब ठासून भरू नये. कपडे एका बाजूला गोळा झाले असतील तर सारखे पसरावे, वर जाळीचे झाकण दाबून बसवावे.

२) व्होल्टेज: २३० च्या जागी १६० व्होल्ट आले तर मोटरचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. लाईट पिवळा पडला असेल तर मशीन लावूच नये. व्होल्टेज सुधारल्यावर लावावे.

३) अडकलेली वस्तू: मोजा, रुमाल, लेकराची टोपी टबाखाली सरकते आणि शाफ्टला गुंडाळते. हळद काढणीच्या, ऊसतोडीच्या कपड्यांतली काळी माती तळाशी साचते. कपडे आधी बादलीत खळबळून घ्यावे.

४) ब्रेक: झाकण उघडले की ड्रायरला ब्रेक लागतो. त्यामुळे झाकण उघडे असताना टब जड लागला तर घाबरू नये. पण झाकण लावूनही ब्रेक सुटत नसेल तर मोटर अडते. ब्रेकची तार ताणली गेली असेल किंवा ब्रेक गंजून बसला असेल. उंदीर खालून शिरून वायरी कुरतडतात, तेही बघावे.

५) कपॅसिटर: मिस्त्री मागचे झाकण काढतो, ब्रेक हाताने सोडतो आणि टब फिरवून बघतो. टब मोकळा फिरला तर संशय कपॅसिटरवर. जड फिरला तर दोष सील, बेअरिंग किंवा ब्रेकचा. पुष्कळ मशीनमध्ये दोन्ही मोटरींचे कपॅसिटर एकाच डबीत असतात. त्यामुळे धुणे चालते आणि ड्रायर अडतो असेही होते. नवा घेताना जुन्यावरचा मायक्रोफॅरड आणि व्होल्टचा आकडा जुळवूनच घ्यावा.

प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. त्याला घरी हात लावू नये. ते काम जाणकाराचेच. चालू मशीनमध्ये हात घालून टबाला धक्का देणे तर अजिबात नको. टब अचानक उचल खातो आणि हात पिरगळतो. मशीनला तीन पिनचा प्लग, चांगले अर्थिंग आणि ईएलसीबी असावी. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून बटणाला हात लावू नये. हे घरातल्या लेकराबाळांनाही सांगून ठेवावे.

विहिरीवरची मोटरही हेच सांगते

थ्री फेज मोटर सुरू करताना घूं घूं करून थांबली तर बहुधा एक फेज गेलेला असतो. किटकॅटमधला फ्यूज उडाला असेल किंवा डीपीवर दोष असेल. स्टार्टरचे बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. चालू मोटरचा एक फेज गेला तर ती फिरत राहते आणि फिरता फिरता जळते. बोअरमधल्या मोटरचा आवाज वर येत नाही. तिथे अँमीटरचा काटा बघावा. काटा चढून खाली येत नसेल तर तेच तिचे घूं घूं. सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि योग्य बसवलेला ओव्हरलोड रिले मोटर वाचवतात. फ्यूजच्या जागी जाड तार कधीही बांधू नये. आणि रात्रीची पाळी आहे, पाणी तुंबले आहे, म्हणून कोणीही स्वतः डीपीवर चढू नये. लाईनमनला कळवावे. एक रात्र उसाला पाणी मिळाले नाही तर ऊस जात नाही. गेलेला माणूस मात्र परत येत नाही.

तरी सभासदांनी घरी आणि शेतात एवढे ध्यानात ठेवावे: मोटर गुरगुरली की आधी बंद, मग शोध.