जुनी बॅटरी घरात फोडू नका

जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत काही घरांचे पोट भंगारावर चालते, हे आम्ही जाणतो. पण इन्व्हर्टरची किंवा रिक्षाची बॅटरी फोडून शिसे वितळवले, की त्याची धूळ अंगणात, कपड्यांवर बसते आणि लेकरांच्या पोटात जाते. ते रक्त कमी करते, मेंदूची वाढ खुंटवते; वरून काहीच दिसत नाही. जगात दर ३ मुलांपैकी सुमारे १ मुलाच्या रक्तात शिसे जास्त आहे, असे युनिसेफच्या २०२० च्या अहवालात म्हटले आहे. थोडे शिसेही सुरक्षित नसते.

२०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी कंपनीची आहे. बॅटरी अख्खीच दुकानदाराला द्या. मूल अभ्यासात मागे पडत असेल, वारंवार पोट दुखत असेल, तर डॉक्टरांना घरातले भंगारकाम जरूर सांगा. लेकरू शिकले तरच बाबासाहेबांची वाट पुढे जाईल. जय भीम!